भजनाच्या रेकॉर्डिंगला पेनड्राइव्हवरचे प्लगइन कशाला? (चर्चा)

पेटीवाला, कुडाळ

गणपती जवळ आले की कणकवलीपासून सावंतवाडीपर्यंत घरगुती स्टुडिओंत भजनं, गजर आणि आरत्यांची रेकॉर्डिंग सुरू होतात. त्याच सुमारास महागड्या प्लगइनच्या (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या) फोडलेल्या, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेल्या, प्रतींनी भरलेला पेनड्राइव्हही हातोहात फिरायला लागतो. ‘अँटीव्हायरस बंद कर, मग इन्स्टॉल कर’ असं सोबत बजावलं जातं. माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडच्या कामाला त्या पेनड्राइव्हची अजिबात गरज नाही, आणि नवीन मुलांना तो देणाऱ्यांनी हे थांबवावं.

पखवाज, झांज, पेटी, बुवांचा आवाज आणि मागे कोरस, एवढं रेकॉर्ड करायचं असतं. त्याला लागतो एक इक्वलायझर (जाड-बारीक आवाज कमीजास्त करायला), एक कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करायला), एक रिव्हर्ब (घुमारा द्यायला) आणि कधीतरी नॉइज कमी करणारं काहीतरी. हे सगळं कुठल्याही चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच असतं. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या. डाउनलोड छोटं, आपल्या नेटवरही उतरतं. ६० दिवस वापरून बघता येतं. नंतर लहान व्यावसायिकांसाठीचं लायसन्स ६० डॉलरला, म्हणजे पाच-साडेपाच हजारांच्या घरात. शिवाय लायसन्स म्हणजे एक फाइल, ती नेट नसतानाही चालते.

वर काही हवंच असेल तर टीडीआर नोव्हा, व्हॅलहाला सुपरमॅसिव्ह, मेल्डा कंपनीचा मोफत संच, सिंथसाठी (संगणकाने तयार केलेल्या आवाजांसाठी) सर्ज एक्सटी. सगळे फुकट, आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवर मिळतात. नाव शोधल्यावर वर येणाऱ्या ‘फ्री डाउनलोड’च्या भलत्याच साइटवर जाऊ नका.

स्टुडिओ चालवतो, कणकवली

पूर्ण असहमत. तुम्ही भजनापुरतं बोलताय, माझ्याकडे भजनवाले येतात तसे लग्नातल्या गाण्यांचे आणि मालवणी डीजे ट्रॅकवालेही येतात. पोरगा मोबाईलवर एक गाणं ऐकवतो आणि ‘आवाज असा पायजे’ म्हणतो. तो आवाज सॉफ्टवेअरसोबत आलेल्या इक्वलायझरमधून काढायला मला अर्धा दिवस जातो. महागड्या प्लगइनच्या प्रीसेटमधून, म्हणजे आधीच जुळवून ठेवलेल्या सेटिंगमधून, पाच मिनिटांत निघतो. मला एका गाण्यामागे मिळतं किती आणि त्या प्लगइनची डॉलरमधली किंमत किती, हा हिशोब कोण करणार? अर्ध्या पोरांच्या कार्डावर परदेशी पेमेंट चालूच नसतं.

आणि विकत घेतलं म्हणजे कायमचं आपलं झालं, असंही नाही. मार्च २०२३ मध्ये वेव्ह्ज या प्लगइन बनवणाऱ्या कंपनीने कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद करून फक्त वर्गणी ठेवली होती. लोक खवळले तेव्हा काही दिवसांतच निर्णय फिरवला. म्हणजे पैसे मोजूनही शेवटी मर्जी कंपनीचीच. मग गरिबालाच तत्त्वज्ञान कशाला शिकवता?

पेटीवाला, कुडाळ

वेव्ह्जचं उदाहरण बरोबर आहे, पण ते माझ्याच बाजूने जातं. एकाच मोठ्या कंपनीवर सगळं काम अवलंबून ठेवू नये, एवढंच त्यातून निघतं. फोडलेली प्रत वापरणाऱ्याचा हात तर त्याहून जास्त अडकलेला असतो. विंडोज अपडेट झालं आणि प्लगइन उघडेना, तर तक्रार कोणाकडे करणार? गिऱ्हाईक दोन वर्षांनी ‘तेच गाणं, फक्त नाव बदलून द्या’ म्हणत येतं आणि प्रोजेक्ट उघडल्यावर निम्म्या ट्रॅकवर ‘प्लगइन सापडलं नाही’ असं दिसतं.

कायद्याचंही सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार, जाणूनबुजून सॉफ्टवेअरची चोरटी प्रत संगणकावर वापरणं हा गुन्हा आहे. सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. पैसे घेऊन काम करणाऱ्याने हे माहीत नसल्यासारखं वागू नये.

भजनी बुवा, मालवण

मी गाणारो माणूस, माका प्लगइनातला काय्येक कळणा नाय. पण एक सांगतंय. आमचो गजर एका स्टुडिओत रेकॉर्ड केलो. ऐकलंय तर आवाज माझो वाटणा नाय. मध्यमावरसून गंधारावर जी मींड घेतलंय, तेच्या पायऱ्या केल्यान. इचारलंय तर म्हणता, ‘बुवा, सूर सरळ केलंय.’ सूर वाकडो होतो कधी? डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यात, समोरचो बुवा हेच्यावर मान हलवता, आणि तुम्ही ताच काढून टाकतास. प्लगइन फुकटचा असो की लाखाचा, आधी गाणाऱ्याक इचारा.

स्टुडिओ चालवतो, कणकवली

बुवा, ते प्लगइनमुळे झालं नाही, लावणाऱ्यामुळे झालं. ऑटोट्यून या सूर दुरुस्त करणाऱ्या प्लगइनचा वेग शून्यावर, म्हणजे सगळ्यात जलद, आणि बाराही स्वर चालू ठेवले की मधला प्रत्येक सूर जवळच्या स्वरावर ओढला जातो. आकडा वाढवून दुरुस्ती हळू ठेवायची, भजनातले स्वर तेवढेच निवडायचे, आणि मींडेच्या जागी सरळ बायपास करायचं, म्हणजे तेवढ्यापुरतं प्लगइन बंद ठेवायचं. मी असंच करतो. चांगलं साधन हातात असलं तर हे बारकावे जमतात, हाच तर माझा मुद्दा आहे.

पेटीवाला, कुडाळ

बायपासचं शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी फोडलेलं ऑटोट्यून कशाला? रीपरमध्येच रीट्यून आहे, त्यात एकेका जागेचा सूर हाताने दुरुस्त करता येतो. मेल्डाच्या मोफत संचातही एमऑटोपिच मिळतं. बुवांचा एखादा सूर खरंच घसरला असेल, तर तेवढाच धरायचा.

नवीन शिकतोय, रत्नागिरी

वाद चालू द्या, माझी अडचण वेगळी आहे. मोफत प्लगइन नीट साइटवरूनच घेतलं, इन्स्टॉल झालं, पण सॉफ्टवेअरच्या यादीत दिसतच नाही. आणि इन्स्टॉल करताना विंडोजने निळ्या पडद्यावर धोक्याची सूचना दिली होती. मग मोफत आणि चोरीचं यात फरक कसा ओळखायचा?

पेटीवाला, कुडाळ

ती निळी सूचना अनेकदा छोट्या कंपन्यांच्या चांगल्या इन्स्टॉलरलाही येते, कारण विंडोजला ती फाइल ओळखीची नसते. फाइल बनवणाऱ्याच्याच साइटवरून घेतली आहे ना, हे पाहायचं, अँटीव्हायरसने तपासायची आणि मगच पुढे जायचं. फोडलेल्या प्रतीसोबत मात्र अँटीव्हायरसच बंद करायला सांगतात. कुठलीही प्रामाणिक कंपनी सहसा तसं सांगत नाही.

आता न दिसण्याचं. आधी प्लगइन कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. व्हीएसटी हा प्रकार स्टाइनबर्गने १९९६ मध्ये आणला, आणि आता बहुतेक ठिकाणी व्हीएसटी३ चालतं. विंडोजवर त्याची जागा ठरलेली आहे: सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, कॉमन फाइल्स, व्हीएसटी३. जुनं व्हीएसटी२ असेल तर त्याची डीएलएल फाइल असते, ती भलत्याच फोल्डरमध्ये जाते. ते फोल्डर सॉफ्टवेअरला हाताने दाखवावं लागतं. डीएलएल उचलून व्हीएसटी३ च्या फोल्डरमध्ये टाकली तर ती दिसेलच असं नाही. रीपरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या व्हीएसटीच्या पानावर री-स्कॅनचं बटण आहे. तिथे जुनी नोंद पुसून पुन्हा स्कॅन करा, म्हणजे एकदा अडकून बाजूला पडलेलं प्लगइनही परत तपासलं जाईल.

प्लगइन ३२ बिटचं आणि सॉफ्टवेअर ६४ बिटचं असलं तरी बऱ्याच ठिकाणी ते दिसत नाही. आणि मॅकवर लॉजिक हे ॲपलचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर व्हीएसटी चालतच नाही, ॲपलच्या एयू प्रकारचंच प्लगइन घ्यावं लागतं.

स्टुडिओ चालवतो, कणकवली

ही माहिती चांगली दिलीत. पण मूळ प्रश्न उरतोच. वाद्यांचं काय? गावात पखवाजी मिळाला नाही तर मी सॅम्पल लायब्ररीच, म्हणजे वाद्याचे आधी रेकॉर्ड केलेले तयार आवाज, लावणार. फुकटात आपला पखवाज कुठे मिळतो?

पेटीवाला, कुडाळ

तयार मिळत नसेल तर आपणच करायला हवा. बहुतेक तयार लायब्ररींत पखवाज म्हणजे दोन-चार बोल आणि सगळे एकाच जोराचे. आपल्याकडे पावसात कातडं सैल पडतं, वादक वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून पेटीच्या स्वराला आणतो, डाव्या पुडीला ओली कणीक लावतो, आणि ती वाळायला लागली की खालचा आवाज बदलतो. हे कुठल्या परदेशी लायब्ररीत येणार?

डीसेंट सॅम्पलर नावाचं मोफत प्लगइन आहे, त्यात स्वतःचे आवाज भरता येतात. चांगल्या पखवाजीला योग्य मानधन देऊन बसवायचं. ता, दिं, धा, कत, प्रत्येक बोल हळू, मध्यम आणि जोरात, आणि प्रत्येक जोराचा तीन-चार वेळा घ्यायचा, म्हणजे तोच आवाज लागोपाठ वाजून यांत्रिक वाटत नाही. चतुर्थीच्या गर्दीत हे होणार नाही, दिवाळीनंतर करायचं. त्या पखवाजीचं नाव सोबत लिहायचं आणि ते आवाज कोणी कशासाठी वापरावेत हे त्याच्याशी आधी लेखी ठरवायचं. दुसऱ्याच्या प्लगइनची चोरी चालत नसेल, तर आपल्याच वादकाच्या हाताचीही चालणार नाही.

स्टुडिओ चालवतो, कणकवली

सॅम्पलच्या कामाला माझा स्टुडिओ आणि माईक घ्या, भाडं नको. मानधनात माझाही वाटा धरा. पण डीजे ट्रॅकला लागणाऱ्या प्लगइनबाबत मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. त्या किमती इथल्या कमाईला परवडत नाहीत, आणि मोफतमध्ये तो आवाज मला अजून सापडलेला नाही. सर्ज एक्सटी लावून बघतो. जमलं तर इथेच लिहीन, नाही जमलं तरी लिहीन.

भजनी बुवा, मालवण

पखवाजी मी बघतंय. पण कणीक लावल्यावर लगेच रेकॉर्डिंग करू नका, तेका जरा हात फिरवूक वेळ द्या.