दादरला 'गेट डाऊन' की 'गेट ऑफ'? मार्क कापणं बरोबर आहे का?

लालबागची_आई:
मुलगा आठवीला, सेमी इंग्लिश. निबंधात त्याने 'वी गॉट डाऊन ॲट दादर' लिहिलं तर बाईंनी लाल गोल करून अर्धा मार्क कापला, म्हणे 'गॉट ऑफ' पाहिजे. मला हे अजिबात पटलेलं नाही. बेस्टमध्ये, लोकलच्या दारात, ऑफिसात सगळे 'गेट डाऊन'च म्हणतात आणि आजवर कोणी त्यामुळे परळला उतरायच्या ऐवजी करी रोडला उतरलेलं नाही. समोरच्याला कळलं ना, मग मार्क कशाचा कापला?

ठाणे_स्लो:
ताई, राग समजतो, पण बाई बरोबर आहेत. ब्रिटिश-अमेरिकन इंग्रजीत ट्रेन, बस, विमानातून 'गेट ऑफ' आणि कार, टॅक्सीतून 'गेट आऊट'. 'गेट डाऊन' शिडीवरून नाहीतर झाडावरून. आपण झाडावरूनही उतरतो आणि गाडीतूनही उतरतो, ते तसंच इंग्रजीत नेलं की हा डाऊन चिकटतो. पोरं उद्या बाहेर शिकायला जातील, तिथे 'गेट डाऊन' ओरडलं की लोक खाली वाकतील.

लालबागची_आई:
बाहेर जाणारे किती आणि इथेच नोकरी करणारे किती? आणि अमेरिकन लोक 'गॉटन' म्हणतात, ब्रिटिश नुसतं 'गॉट', तिथे कोण कोणाचे मार्क कापतं? 'प्रीपोन' आपल्याकडचाच, तो ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत गेला की नाही? मग आपल्या गेट डाऊननेच काय घोडं मारलंय.

निवृत्त_मास्तर_गिरगाव:
दोघंही डाऊन-ऑफमध्ये अडकलात, खरं दुखणं 'गेट'चं आहे. मुलं 'गेट म्हणजे मिळणे' पाठ करतात आणि तिथेच थांबतात. पुढे काय येतंय ते बघायला शिकवा. नाम आलं तर मिळणे किंवा आणणे, 'गेट अ जॉब'. विशेषण आलं तर होणे, 'गेट टायर्ड'. जागा आली तर पोचणे, 'गेट होम'. 'गेट पेड' म्हटलं की पगार दुसरा कोणीतरी देतोय, आणि 'गेट हिम टू साइन' म्हणजे त्याला तयार करून सही घेणं. एवढं डोक्यात बसलं की बरंचसं सुटतं. आपलं 'लागणे' बघा ना, भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, बसमध्ये गाडी लागते, याची यादी कोणी पाठ केली होती?

ठाणे_स्लो:
सर, 'लागणे' आपण जन्मापासून ऐकतो हो. सेमीच्या मुलाच्या कानावर घरी गेट पडतंच कुठे? आणि 'गेट ऑफ', 'गेट ओव्हर', 'गेट अवे विथ' हे पुढचा शब्द बघून नाही उलगडत, 'गेट अवे विथ'चा अर्थ चूक करून शिक्षेतून सुटणं हे कुठून कळणार? ते पाठच करावं लागतं, मी क्लासमध्ये करून घेतो आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

निवृत्त_मास्तर_गिरगाव:
पाठ करा, पण वाक्यासकट. सुटी यादी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी जाते. आणि ताई, बाईंनी बाजूला 'गेट ऑफ' लिहून द्यायला हवं होतं, पण निबंधात मार्क कापायचं कारण नव्हतं. व्याकरणाच्या प्रश्नात असतं तर मीही कापला असता.

लालबागची_आई:
हे मात्र पटलं सर. पण व्याकरणातही 'आपल्याकडे चालतं' एवढं पुस्तकात छापायला काय हरकत आहे? मी बाईंना भेटून हेच विचारणार आहे.