खुजी मुलं: आहार वाटून उंची वाढते का?

गोदाकाठ:
पेरू देशात २००८ साली पाच वर्षांखालची साधारण २८ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती, २०१६ पर्यंत आकडा १३ वर आला. महाराष्ट्रात २०१५-१६ ला ३४.४ टक्के आणि २०१९-२१ ला ३५.२, म्हणजे जागचं हललंच नाही, आणि तेही गावोगाव अंगणवाड्या असताना. माझं मत सरळ आहे, आपण चुकीच्या वयावर जोर लावतोय. अंगणवाडीत बसून खिचडी खाणारं पोर तीन वर्षांच्या पुढचं असतं आणि उंची खुंटायची ती पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत बरीचशी खुंटलेली असते. त्या काळात मूल घरात असतं, आईच्या आणि आजीच्या हातात. तिथे जाणारं माणूस वाढवा.

तूरडाळ:
अजिबात पटलं नाही. घरी जाऊन ताई काय सांगणार, वरण घट्ट द्या, अंडं द्या. आणायचं कशाने? पेरूत तेव्हा तांब्याला भाव होता, देशात पैसा खेळत होता, शिवाय हुंतोस योजनेत गरीब आईच्या हातात दर दोन महिन्यांनी २०० सोल (तिथलं चलन) पडत होते. आपल्याकडे मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५००० रुपये, तेही हप्त्यात. आधी पैसे द्या मग उपदेश करा.

गोदाकाठ:
पैसे द्याच, मी कुठे नको म्हणतोय. पण पेरूत हुंतोस २००५ ला सुरू झाली तरी फरक पडला तो नंतर, २००६ च्या निवडणुकीत उमेदवारांनी खुजेपणा पाच वर्षांत ५ टक्क्यांनी कमी करायचं लेखी वचन दिलं आणि २००८ पासून बजेट निकालाला बांधलं तेव्हा. बाळाची तपासणी, लसीकरण, वाढीवर लक्ष हे झालं का ते मोजून निधी. आणि आपल्याकडेही झालंय की, २००५ ला कुपोषण हटवायला राज्याचं राजमाता जिजाऊ मिशन आलं, दोन वर्षांखालच्या मुलांवर भर दिला, त्या वयात खुजेपणा ३९ वरून २०१२ ला २३ टक्क्यांवर आला.

खडूफळा:
ते दोन आकडे दोन वेगळ्या सर्वेक्षणांचे आहेत, एवढी मोठी घट सगळी मिशनच्या नावावर टाकू नका. त्याच काळात मुली जास्त शिकल्या, बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. माझ्या मते खरा मुद्दा लवकर लग्नाचा आहे, अठराच्या आत आई झालेल्या, अंगात रक्त नसलेल्या मुलीचं बाळ जन्मालाच लहान येतं, त्याला नंतर कितीही भरवा.

नळकोंडाळं:
आणि संडास? जुलाब होत राहिले तर खाल्लेलं अंगी कसं लागणार?

गोदाकाठ:
मलाही तसंच वाटायचं, पण बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत मोठे प्रयोग झाले, संडास, हात धुणं, पाणी शुद्ध करणं. नुसत्या त्याने उंचीत फरक दिसला नाही, पूरक आहाराने थोडा दिसला. म्हणजे संडास नको असं नाही, पण घरामागे एक खड्डा खणून अख्ख्या गावाची घाण हटत नाही.

सेविकाताई:
इतका वेळ वाचत होते, आता बोलते. सहाव्या महिन्यात उष्टावण थाटात होतं, दुसऱ्या दिवसापासून बाळाला पुन्हा नुसतं भाताचं पाणी, कारण आईला कामाला जायचंय आणि घट्ट भरवायला अर्धा तास लागतो, तो तिच्याकडे नाही. टीएचआरचं, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहाराचं, पाकीट घरी गेलं की सगळं घर खातं, त्यात कुणाची चूक काढू? दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला जातात, बाळं पाचटात वाढतात आणि आमच्या रजिस्टरवर फक्त नाव राहतं. घरभेटी द्या म्हणता, देते की, पण सर्व्हे, मीटिंग, मोबाईलवर भरायची माहिती यातून दुपारी किती घरं होतील? आणि आडव्या बाळाची लांबी एकटीने नीट मोजता येत नाही, एकीने डोकं धरायचं, एकीने पाय. घाईत घेतलेला आकडा वर जातो आणि त्यावर तुमचे टक्के निघतात.

तूरडाळ:
ताई, हेच म्हणतोय मी, आईला अर्धा तास हवा असेल तर तिची मजुरी भरून द्यावी लागेल.

सेविकाताई:
द्या ना दादा. पण फडावर अंगणवाडी पण द्या, तिची मजुरी भरली तरी टोळी तिच्यासाठी थांबत नाही.