आजोबांचं जुनं रिव्हॉल्व्हर: कुठलं आहे आणि काडतुसं घरी भरता येतात का?

नौपाड्याची_लेक:
नमस्कार मंडळी. आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, घर रिकामं करताना माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचं रिव्हॉल्व्हर मिळालं. आजोबा मिलिटरीत होते, गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्याकडे हत्यार आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं पण आम्हा नातवंडांना कधी दाखवलं नव्हतं त्यांनी. चामड्याच्या होल्स्टरमध्ये आहे, सोबत परवान्याचं पुस्तक आणि एका कापडी पिशवीत थोडी काडतुसं.

काळपट राखाडी रंग, नळी साधारण पाच इंच, मूठ काळी, तिच्यावर चौकटी चौकटीची नक्षी. वरच्या पट्टीवर डाव्या बाजूला इंग्रजीत वेब्ली, मार्क फोर, .३८ आणि १४५/२०० असं कोरलंय, आणि एका ठिकाणी वॉर फिनिश. काडतुसाच्या बुडावर के एफ अशी अक्षरं आहेत. ही नक्की कुठली वस्तू आहे, किती जुनी?

दुसरं म्हणजे बाबांना ते विकायचं नाहीये, वडिलांची आठवण म्हणून घरातच ठेवायचंय आणि जमलं तर एकदा तरी रेंजवर चालवायचंय. माझा आतेभाऊ टेक्ससला असतो, तो म्हणतो तिकडे लोक जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतुसं घरीच भरतात, प्रेस आणि डाय (काडतुसं भरायचं दाबयंत्र आणि त्याचे साचे) मी पाठवतो. इथे असं करता येतं का? माहीतगारांनी प्लीज सांगा, बाबा फार हळवे झालेत या विषयावर.

आर्मरर_काका:
ताई, पहिलं काम, ते आता कोणी हातात घेऊ नका. भरलेलं आहे असंच समजा. कुलपाच्या कपाटात ठेवा, किल्ली एकाकडेच. पोरंबाळं घरात असतील तर जास्तच.

आता ओळख. तुम्ही वाचलेल्या अक्षरांवरूनच उत्तर मिळतं. हे वेब्ली अँड स्कॉटचं .३८ मार्क फोर, बर्मिंगहॅमचं. मधून दुमडणारं, म्हणजे घोड्याजवळ डाव्या अंगाला अंगठ्याचा खटका असतो, तो दाबला की नळी पुढे झुकते आणि सिलिंडरमधली सहाही काडतुसं एकदम वर उचलली जातात. १४५/२०० म्हणजे गोळीचं वजन, ग्रेन या बारीक मापात. वॉर फिनिश हा शिक्का दुसऱ्या महायुद्धातला. त्या वेळी पॉलिश करत बसायला वेळ नव्हता म्हणून वरून खडबडीत दिसायचं, त्याचा शिक्काच मारायचे की बाबा हे युद्धकाळातलं फिनिश आहे, आतलं काम मात्र चोख असायचं. ब्रिटिश सैन्याचं अधिकृत रिव्हॉल्व्हर १९३२ पासून एन्फील्ड नंबर टू होतं, दिसायला जुळं भाऊच म्हणा, पण युद्धात तेवढी एन्फील्ड पुरेनात म्हणून वेब्लीची पण घेतली. लोक या दोघांत गोंधळ करतात. मोठं .४५५ वालं मार्क सिक्स वेगळं, त्याची नळी सहा इंची आणि हाताला चांगलंच जड.

के एफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली पुण्याजवळची खडकी. १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. त्या अक्षरांशेजारी बारीक आकडे असतील तर बहुतेक ते साल असतं, आणि झेड अक्षर असेल तर आतली दारू नायट्रोसेल्युलोजची, कॉर्डाइट नावाची जुनी दारू नाही. या काडतुसाची पण गंमत आहे, आधी साध्या शिशाची २०० ग्रेनची गोळी होती, पण उघडं शिसं हेग कराराच्या (अंगात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला बंदी घालणाऱ्या) विरुद्ध ठरेल अशी शंका आली म्हणून १७८ ग्रेनची, वरून धातूचं कवच असलेली गोळी आणली. तुमच्या पिशवीतल्या गोळीचं टोक पितळी किंवा तांबूस दिसतंय का बघा, लांबूनच.

वाशीचा_नेमबाज:
काकांनी ओळख एकदम बरोबर सांगितली. मी काडतुसांबद्दल लिहितो कारण मला त्याचीच काळजी वाटली.

घरी काडतुसं भरणं हा विषय आपल्याकडे बंदच समजा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र असो की दारूगोळा, बनवायला वेगळा परवाना लागतो, बाळगण्याचा परवाना असून चालत नाही. आणि कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि काडतुसं बनवायचं यंत्रसुद्धा येतं. म्हणजे आतेभावाने प्रेमाने पाठवलेला प्रेस कस्टम्सला सापडला की तो प्रेस राहत नाही, विनापरवाना दारूगोळ्याची आयात होते आणि पार्सलवर नाव पत्ता तुमच्या बाबांचा. त्याला आजच फोन करून सांगा काही पाठवू नकोस.

कायदा बाजूला ठेवला तरी धोका आहेच. तिकडे .३८ म्हटलं की दुकानदार .३८ स्पेशल काढून देतो. तुमच्या वेब्लीचं काडतूस .३८ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) जातीचं, त्याची केस, म्हणजे काडतुसाची धातूची नळकांडी, आखूड (०.७७५ इंच) आणि थोडी जाड, स्पेशलची लांब (१.१५५ इंच) आणि बारीक. डाय, केस, गोळीचा व्यास सगळंच वेगळं. युद्धानंतर अमेरिकेत अशी बरीच रिव्हॉल्व्हरं विकायला गेली, तिथल्या व्यापाऱ्यांनी सिलिंडर आतून खोदून त्यात .३८ स्पेशल बसेल असं केलं, आणि मग केस फुगणं, फाटणं सुरू झालं. त्यात हे मधून दुमडणारं, सगळा जोर त्या एका खटक्यावर आणि बिजागरीवर येतो, ऐंशीएक वर्षांचं लोखंड आहे. आणि पिशवीतल्या जुन्या काडतुसांचं काय सांगू, एखादं अर्धवट पेटलं आणि गोळी नळीतच अडकली, तर मागून दुसरी सुटल्यावर नळी फुटते. रेंजवर जे शूटर येतात ते सुद्धा .३२ चे कारखान्यात भरलेले राऊंडच वापरतात, सेंटर फायर प्रकारात. बाबांना खरंच चालवून बघायचं असेल तर वरळीला रेंजवर त्यांना .२२ वर बसवा, रीतसर शिकून. आठवणीचं हत्यार उडवून बघायलाच हवं असं नाही ना.

ऐरोलीकर_मंदार:
मी आमच्या वडिलांच्या बारा बोअरची वारस नोंद करून घेतलीये म्हणून सांगतो, पण तुमची केस जरा वेगळी आहे. परवान्याच्या पुस्तकात प्रतिबंधित बोअर असं लिहिलंय का ते बघा, बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप. .३८० (म्हणजे तुमच्या वेब्लीचंच काडतूस) आणि .४५५ ची रिमवाली, म्हणजे बुडाला कड असलेली काडतुसं ज्यात बसतात ती रिव्हॉल्व्हरं लष्करी बोअरची म्हणून प्रतिबंधित यादीत येतात. म्हणूनच कानपूरला .३२ चं रिव्हॉल्व्हर बनवतात, डिझाइन याच वेब्लीवरून घेतलेलं आहे, फक्त बोअर बदलला. साध्या बोअरचा परवाना आपल्याकडे पोलीस आयुक्तालयातून होतो, तुमचं ठाणे आयुक्तालय, आमचं नवी मुंबई, पण प्रतिबंधित बोअरची फाइल केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जाते. वेळ लागेल, बाबांना ते आधीच सांगून ठेवा.

पण अर्ज नंतर. परवाना आजोबांच्या नावाचा होता, ते गेल्यावर घरात ठेवण्याचा अधिकार संपला. कलम २१ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावं लागतं, काडतुसांसकट, आणि उशीर न करता. बॅगेत घालून रिक्षाने नेऊ नका. आधी बाबांनी मृत्यू दाखला आणि परवान्याची झेरॉक्स घेऊन पोलीस ठाण्यात जावं, लेखी कळवावं, पोच घ्यावी, मग ते सांगतील तसं. स्वतःहून गेलेल्या माणसाशी बोलणं वेगळं असतं आणि उद्या बिल्डरच्या माणसाला ट्रंकेत सापडलं तर वेगळं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्याची शिक्षा किमान ७ वर्षं आहे, म्हणून एवढं जोर देऊन लिहितोय.

वारस म्हणून अर्ज करताना बाकीच्या वारसांची संमती लागते, म्हणजे तुमच्या आत्या, काका जे असतील त्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. आमच्याकडे तिथेच अडलं होतं, एका काकांची सही मिळेपर्यंत सगळं थांबलं.

नौपाड्याची_लेक:
सगळ्यांचे खूप आभार, खरंच. आतेभावाला मेसेज केला, त्याने अजून काही पाठवलं नव्हतं. परवान्यावर प्रतिबंधित बोअरच लिहिलंय आणि निवडणुकीच्या वेळी जमा केल्याच्या नोंदी पण आहेत, म्हणजे आजोबा सगळं नियमाने करायचे. आत्या सही द्यायला तयार आहे. बाबा उद्या पोलीस ठाण्यात जाणार आहेत. त्यांचा एकच प्रश्न, पोलिसांच्या मालखान्यात (जमा वस्तूंच्या कोठारात) पडून गंजून तर नाही ना जाणार? खाडीची हवा, वर्षानुवर्षं तिथे राहिलं तर? आणि होल्स्टर घरी ठेवलं तर चालेल का?

आर्मरर_काका:
बाबांची काळजी बरोबर आहे. मालखान्यात कोणी तेलपाणी करत नाही. शस्त्र विक्रेत्याकडे ठेवलं तर भाडं घेतात पण पुसून ठेवायला सांगता येतं, म्हणून ठाण्यात कळवतानाच विचारा की विक्रेत्याकडे जमा केलं तर चालेल का. पावतीवर बोअर, नंबर, मेक आणि काडतुसांची संख्या परवान्याशी ताडून घ्या, एक आकडा चुकला तरी पुढे फाइल अडते.

होल्स्टर काढूनच द्या. चामडं ओलावा धरतं आणि लोखंड खातं, जुनी रिव्हॉल्व्हरं जिथे चामड्याला टेकतात तिथेच खड्डे पडतात. होल्स्टर घरी ठेवायला काही अडचण नाही.

वाशीचा_नेमबाज:
आणि ताई, परवान्याच्या पुस्तकाची ओरिजिनल देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, मागची नोंदीची पानं पण. विक्रेत्याकडे जमा करायचं ठरलं तर इथे लिहा, त्यांना तेल कुठलं आणि किती दिवसांनी लावायला सांगायचं ते मी कळवतो.