मी खरोखरच कशाच्याही लायक नाही, की मला तसे वाटायला लावले गेले आहे?

प्रश्न : अक्कलकोटची लेक

मी अठ्ठावीस वर्षांची आहे. माझे माहेर अक्कलकोटचे असून लग्नाला अडीच वर्षे झाली आणि सध्या आम्ही सोलापुरात विजापूर रोडला राहतो. एम.कॉम. झाल्यानंतर मी एमआयडीसीतील टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहत होते. सुताच्या खरेदीची बिले, कामगारांचे पगार, जीएसटीची विवरणपत्रे हे सर्व माझ्याकडे असे आणि तीन वर्षांत मार्चअखेरचा ताळेबंद माझ्यामुळे अडला असे एकदाही झाले नाही. लग्नानंतर चार महिन्यांतच "घरात लक्ष नाही" या कारणावरून ती नोकरी सोडावी लागली.

आता घरखर्चाची एक वही आहे आणि ती रोज रात्री नवऱ्याला दाखवावी लागते. मागच्या महिन्यात तिच्यात चाळीस रुपये कमी पडले. दीड तास मी ती वही पुन्हा पुन्हा मांडत होते आणि ते समोर बसून "एवढेही जमत नाही, कारखानेवाल्यांनी तुला ठेवले तरी कशी" असे म्हणत होते. शेवटी मी माफी मागितली, तरीही कानाखाली बसलीच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शर्टाच्या खिशात पार्किंगच्या पावत्या सापडल्या, तेव्हा लक्षात आले की डब्यातल्या वीस-वीसच्या दोन नोटा त्यांनीच नेल्या होत्या. मी ही गोष्ट त्यांना सांगितली नाही. सांगावीशी वाटली नाही, याचेच मला अधिक आश्चर्य वाटते.

हात उचलणे वरचेवर होत नाही आणि नंतर ते स्वतः रडतात, शपथ घेतात, महिनाभर फार चांगले वागतात. परंतु मंडईत उभी असताना कोणती तूरडाळ घ्यावी हेही मी त्यांना फोन करून विचारते, कारण स्वतः ठरवलेले चुकणारच अशी मला खात्री वाटते. फोन ते रोज तपासतात, म्हणून हा मजकूर मी शेजारच्या काकूंच्या फोनवरून लिहीत आहे. मला विचारायचे आहे ते इतकेच की, मी पूर्वीपासून अशीच होते आणि ते आत्ता उघडकीस आले, की मी अशी झाले? आणि ज्या बाईला डाळ निवडता येत नाही, तिने वेगळे राहण्याचा विचार तरी कोणत्या बळावर करावा?

उत्तर : होटगी रोडच्या आजी

बाळ, वाचून वाईट वाटले. माझ्या संसारालाही बेचाळीस वर्षे झाली, पहिली काही वर्षे फार कठीण गेली, मग माणूस निवळला. घरातल्या वडीलधाऱ्यांना मध्ये घालून एकदा समोरासमोर बोलून पाहावे असे मला वाटते. घाईने टोकाचा निर्णय घेऊ नये.

उत्तर : विडी कामगाराची मुलगी

आजींबद्दल आदर राखूनच लिहिते की, माणूस निवळण्याची वाट पाहणाऱ्या ज्या बायका मी लहानपणी पाहिल्या, त्यांच्यापैकी अनेकींची वाट पाहण्यातच हयात गेली.

माझी आई सोलापूरच्या पूर्व भागात तीस वर्षे विड्या वळत होती. तेंदूची पाने भिजवायची, कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा आणि दिवसाच्या हजार विड्या मोजून कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथे तपासणारा बसलेला असे. तो त्यातल्या मूठभर विड्या "खराब" म्हणून बाजूला काढी. त्यांची मजुरी मिळत नसे आणि त्या परतही मिळत नसत. मी सहावीत असताना एकदा तिच्याबरोबर गेले होते आणि घरी येताना तिला विचारले की, आई, तुझ्या विड्या खरेच खराब होत्या का. ती चालता चालता थांबली आणि म्हणाली, "माझ्या हाताला माहीत आहे ना त्या कशा होत्या ते. त्याने खराब म्हटले की त्याला त्या फुकट मिळतात, म्हणून तो म्हणतो."

ताई, तुमच्या वहीचा प्रसंग वाचताना मला हेच आठवले. तुम्ही नालायक ठरलात की तुमची नोकरी, तुमचा पगार, तुमचे बोलणे, तुमचा फोन, हे सर्व त्यांना विनामूल्य मिळते. ज्याला आपली किंमत कमी ठरवण्यात लाभ आहे, त्याच्याकडून आपली किंमत ठरवून घेऊ नये. चाळीस रुपये त्यांनीच नेले होते हे कळले आणि तरीही तुम्ही गप्प राहिलात, याचा अर्थ तुम्ही दुबळ्या आहात असा नाही; बोलल्यावर काय होईल याचा हिशेब तुम्ही अचूक केलात. हिशेब करणारी बाई अजून शाबूत आहे. डाळीच्या बाबतीतही तेच घडते आहे. चुकीची शिक्षा ठरलेली असली की कोणीही स्वतःहून निवड करणे थांबवते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत अगदी ठाम आहे. आधी आत्मविश्वास परत येईल आणि मग आपण पाऊल उचलू, असा क्रम तुम्ही धरला आहे. आमच्या घरी हे उलट क्रमाने घडले. माझे वडील दारू पिऊन "माझ्या घरातून चालती हो" असे म्हणत आणि आई, कारखान्यात स्वतःच्या हाताची खात्री असलेली तीच आई, घरात मात्र खाली मान घालून बसत असे. पुढे २००६ साली कुंभारीजवळ विडी कामगार महिलांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि तिथे आईला घर मिळाले. कागद तिच्या नावाचा होता. तिथे राहायला गेल्यावर कित्येक महिने ती दारावर थाप पडली की दचकत असे, परंतु हळूहळू तिचा आवाज मोठा झाला. आधी दार तिचे झाले, धीर त्यानंतर आला.

उत्तर : जिल्हा न्यायालयातील एक वकील

वरील उत्तराला कायद्याची थोडी जोड देतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा केवळ मारहाणीपुरता नाही. अपमान, टोमणे, हिणवणे ही शाब्दिक व भावनिक हिंसा आणि पैसे अडवणे ही आर्थिक हिंसा असे त्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट आहे; नोकरी करू न देणे हेही त्यात येते. त्यामुळे "वरचेवर मारत नाहीत" हे कारण स्वतःला देऊ नका.

या कायद्याखाली तुम्ही संरक्षण अधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली मदतीसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकता. अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत द्यावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, परंतु अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मागता येतो. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असले तरी त्यात राहण्याचा तुमचा हक्क कलम १७ मध्ये आहे, शिवाय खर्चाची रक्कम आणि स्त्रीधन परत मागता येते. यासाठी घटस्फोट घ्यावाच लागतो असे नाही. फौजदारी तक्रार करायची झाल्यास नवऱ्याकडून किंवा सासरकडून होणाऱ्या छळाबद्दलचे भारतीय दंड संहितेतील पूर्वीचे ४९८-अ हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आले आहे. वकिलाच्या शुल्काची चिंता करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि तिथे उत्पन्नाची अट नाही.

महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे आणि तातडीच्या वेळी ११२ लावावा. मनाची घालमेल फार वाढली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. हे फोन काकूंच्याच फोनवरून करा. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: त्यांचा हात कधी तुमच्या गळ्यापर्यंत गेला असेल, तर पुढच्या चांगल्या महिन्याची वाट पाहू नका, कारण अशा प्रकरणांत जिवाचा धोका फार वाढलेला असतो. आणि घर सोडण्याचा विचार त्यांना आधी बोलून दाखवू नका.

अक्कलकोटची लेक

सर्वांचे आभार. गळ्याबद्दल लिहिलेले वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. असे एकदा झाले आहे, दिवाळीच्या आधी. मी ते कोणालाही, आईलाही, सांगितले नव्हते.

आज दुपारी काकूंच्या फोनवरून भावाला सर्व सांगितले. मला वाटले होते की तो "जुळवून घे" म्हणेल, परंतु तो काही क्षण गप्प राहिला आणि मग फक्त कधी येऊ असे विचारले. एम.कॉम.चे प्रमाणपत्र, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि कारखान्याचे अनुभवपत्र काकूंच्या कपाटात ठेवले आहे. १८१ वरही बोलले. त्यांनी संरक्षण अधिकाऱ्यांचा पत्ता सांगितला आहे. भाऊ परवा सकाळी, हे कामावर गेल्यानंतर, येणार आहे.

येताना मंडईतून मी अर्धा किलो तूरडाळ घेतली आणि फोन केला नाही.