विषय : यंदाचा शाळा-निधी – स्मार्ट बोर्ड की शिक्षकांचं प्रशिक्षण?

प्रेषक : कोषाध्यक्ष (मूळ निपाणी)

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या कार्यक्रमाचा हिशेब पूर्ण झाला. उरलेली रक्कम ठरल्याप्रमाणे गावाकडच्या शाळेला द्यायची आहे. गेल्या वर्षी आपण बाकं आणि पाण्याची टाकी दिली. यंदा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेसाठी स्मार्ट बोर्डाची सूचना आली आहे, कोटेशनही आलंय. रविवारच्या बैठकीआधी कुणाला काही म्हणायचं असेल तर इथेच लिहा.

प्रेषक : मूळ शहापूर, सध्या मिनेसोटा

सर्वांना नमस्कार,

बोर्ड घ्यायच्या आधी एवढं वाचा. लांब झालंय, पण राहवलं नाही.

मी सध्या शहापुरात आईकडे आहे. त्या शाळेत तीन दिवस सकाळी जाऊन बसले. आवार एकच. डावीकडे मराठी शाळा, उजवीकडे कन्नड शाळा, मध्ये फणसाचं झाड. हजेरीपट दोन, मुख्याध्यापक दोन, पण मधली सुट्टी एकच आणि अक्षर दासोहाचं, म्हणजे सरकारी दुपारच्या भोजन योजनेचं, जेवणही एकाच चुलीवरचं.

पाऊस इतका होता की पत्र्याच्या आवाजात शिकवणं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी कन्नड चौथीच्या वर्गात अगदी पुढे जाऊन बसले. अपूर्णांक चालले होते, कन्नडमध्ये त्यांना भिन्नराशी म्हणतात. बाईंनी फळ्यावर भाकरी काढून तिचे चार भाग केले, तीन रंगवले आणि वरचा आकडा काय, खालचा काय, ते विचारलं. मराठी घरातला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "वरचा अंश, खालचा छेद." बाई प्रेमानेच म्हणाल्या, "कन्नडदल्ली हेळु." कन्नडमध्ये सांग. मुलगा गप्प झाला आणि खाली बसला.

मंडळी, अंश आणि छेद हे शब्द कन्नडमध्येही अंश आणि छेदच आहेत. त्याने कन्नडमध्येच उत्तर दिलं होतं! राहिले होते ते 'वर' आणि 'खाली', म्हणजे 'मेले' आणि 'केळगे'. आणि हे दोन्ही शब्द तोच मुलगा अर्ध्या तासापूर्वी फणसाखाली मोठमोठ्याने ओरडत होता. पलीकडे मराठी चौथीत त्याच दिवशी तोच धडा चालू होता. कर्नाटकाचं गणिताचं पुस्तक दोन्ही माध्यमांत एकच, फक्त भाषा वेगळी. गुणाकार तिकडे गुणाकार, भागाकार तिकडेही भागाकार. बेरजेला मात्र संकलन आणि वजाबाकीला व्यवकलन.

बाईंना मराठी उत्तम येतं. पलीकडच्या गुरुजींना कन्नड येतं. आपल्याकडे दोन-तीन भाषा न येणारा शिक्षक शोधूनच काढावा लागेल. पण दोन भाषा येणं वेगळं आणि दोन भाषांत शिकवता येणं वेगळं. दुसरी गोष्ट शिकावी लागते. मी ती नोकरीला लागल्यावर शिकले. माझी शाळा स्पॅनिश-इंग्रजी ड्युअल लँग्वेज आहे, निम्मा दिवस एका भाषेत, निम्मा दुसऱ्या. पहिल्या वर्षी मी प्रत्येक वाक्य दोन्ही भाषांत सांगायचे. मुलं शहाणी, आपली भाषा येईपर्यंत खिडकीबाहेर बघायची. माझ्यासोबतच्या ज्येष्ठ शिक्षिकेने ते महिनाभर मागे बसून पाहिलं आणि मग माझी सवय मोडली.

त्या प्रशिक्षणातलं सगळ्यात उपयोगी काय, तर धड्याच्या टाचणात दोन उद्दिष्टं लिहायची. एक विषयाचं, एक भाषेचं. "मुलं अपूर्णांक ओळखतील" एवढं पुरत नाही. "मुलं 'वरचा आकडा', 'खालचा आकडा', 'चारपैकी तीन' हे पूर्ण वाक्यात बोलतील" हेही लिहायचं. ते लिहिलं की शिक्षकाला आपोआप दिसतं की कुठला शब्द दोन्ही भाषांत सारखा, कुठला नवा आणि कुठला फसवा. फसवेही आहेतच. आपला 'अवकाश' कन्नडमध्ये 'संधी' होतो, आणि आपण बहिणीला ताई म्हटलं की कन्नड मुलाच्या कानाला 'तायी', म्हणजे आई, ऐकू येतं.

दुसरी गोष्ट चूक सुधारण्याची. रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच इमर्शनच्या, म्हणजे दुसऱ्या भाषेतूनच विषय शिकवण्याच्या, वर्गांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. शिक्षक बहुतेक वेळा मुलाचं चुकलेलं वाक्य स्वतः बरोबर करून म्हणतात, आणि नेमकी तीच दुरुस्ती मुलांकडून सगळ्यात कमी उचलली जाते. मुलाला वाटतं, बाईंना आपलं म्हणणं पटलं. त्यापेक्षा थांबून "काय म्हणालास? पुन्हा सांग बघू" म्हटलं की मूल स्वतः शोधतं.

बोर्डाने यातलं काहीही होणार नाही. पैसे या दोन शाळांच्या शिक्षकांना वर्षभर जोडीने बसवण्यावर खर्च करूया. मायामीतल्या कोरल वे या द्विभाषिक शाळेत १९६३ साली हाच पाया होता. क्युबाहून आलेल्या शिक्षिका आणि इंग्रजी शिक्षिका जोडीने धडे ठरवायच्या.

प्रेषक : मूळ चिकोडी, सध्या टोरोंटो

ताईंच्या पत्राला माझा पूर्ण पाठिंबा. माझी मुलगी सहा वर्षं फ्रेंच इमर्शनमध्ये आहे. ऐकलेलं सगळं समजतं, पुस्तकं वाचते, पण बोलताना क्रियापदं अजून घसरतात. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये हेच मांडलं होतं, की नुसतं ऐकून भाषा पक्की होत नाही, मुलाला बोलायला आणि लिहायला भाग पाडावं लागतं. यंदाच्या तिच्या शिक्षिका ते करतात आणि फरक दिसतो.

प्रेषक : निवृत्त मुख्याध्यापक (नंदगड)

स. न. वि. वि.

भाचीने या यादीत माझं नाव घातलं, म्हणून ही पत्रं वाचायला मिळाली. मोबाईलवर टंकलेखन सावकाश होतं, तरी लिहितो.

शहापूरच्या ताईंनी पाहिलं ते खरं आहे. पण 'इमर्शन' हा शब्द आमच्याकडे कागदावर आला तर पालक काय समजतील, याचा विचार करा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून सीमाभागातल्या मराठी माणसाला एकच धास्ती आहे, की आपली शाळा आज आहे, उद्या असेल की नाही. २०१५ च्या कायद्याने कन्नड शिकणं सक्तीचं झालं. कन्नड शिकायला आमची ना कधीच नव्हती. आमची मुलं बाजारात, बसमध्ये कन्नड बोलतातच. भीती आहे ती मराठी जाण्याची. कन्नडमध्ये बुडवून काढण्याची योजना, असा अर्थ निघाला तर उद्या कुणी पोर शाळेत पाठवणार नाही.

दुसरं, एकाच गुरुजींकडे दोन-दोन, तीन-तीन वर्ग असतात. बाकी अतिथी शिक्षक, ते पुढच्या वर्षी असतील याची खात्री नाही. त्यांनी जोडीदाराबरोबर कधी बसावं?

तिसरं, प्रशिक्षणं मी पुष्कळ पाहिली. एका पाच दिवसांच्या प्रशिक्षणात आम्ही मराठी शाळांचे शिक्षक मागच्या रांगेत होतो. दुसऱ्या भाषेच्या मुलाला कसं शिकवायचं, यावर पाच दिवसांत एक वाक्य नाही. शेवटी प्रमाणपत्र मिळालं.

जे उपयोगी पडलं ते वह्या तपासताना कळलं. कन्नडमध्ये 'ए' दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. 'ओ' सुद्धा दोन. मराठीला हा भेद नाही, म्हणून आमच्या मुलांच्या कानाला तो लागत नाही. ऱ्हस्व ए चं 'बेळे' म्हणजे पीक, दीर्घ ए चं 'बेऽळे' म्हणजे डाळ. मुलगा "शेतात डाळ आली" असं लिहितो, कन्नडचे गुरुजी लाल रेघ मारतात, आणि दोघांनाही कळत नाही की चूक कानाची आहे, अभ्यासाची नाही. मला हे समजायला सात-आठ वर्षं लागली. उलट बाजूने कन्नड घरातलं मूल 'ते भाकरी' म्हणतं, कारण तिकडे निर्जीव वस्तूला स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही. ते ढ नसतं, आपल्या भाषेच्या नियमाने चाललेलं असतं.

नली-कली ही खेळत शिकण्याची पद्धत १९९५ मध्ये हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झाली, ती शिक्षकांनी स्वतः कार्डं करून, म्हणून टिकली. वरून आलेलं टिकत नाही.

प्रेषक : मूळ शहापूर, सध्या मिनेसोटा

सर, नमस्कार.

तुमचं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ, वह्या तपासणारा मास्तर."

तुमची भीती खरी आहे आणि ती मला आधी लिहायला हवी होती. १९६५ मध्ये क्वेबेकच्या सेंट लॅम्बर्टमध्ये फ्रेंच इमर्शन सुरू झालं, ते इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहामुळे. त्यांच्या मुलांची इंग्रजी कुठेच जाणार नव्हती, ती तिथल्या बाजाराची आणि नोकरीची भाषा होती. म्हणून फ्रेंचची भर पडली. कमी संख्येच्या भाषेतल्या मुलाला थेट मोठ्या भाषेच्या वर्गात टाकणं वेगळं, त्यात पहिली भाषाच झिजते. पाण्यात उतरवणं आणि पाण्यात ढकलणं यांत फरक आहे. म्हणून मी मराठी शाळेचं माध्यम बदलायला मुळीच सांगत नाही. मराठी शाळेत मराठीच माध्यम, कन्नड शाळेत कन्नडच. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनीही हेच मांडलं, की पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पुस्तकातली यायला पाच ते सात वर्षं लागतात. तेवढा धीर शिक्षकांनी धरायचा, तर मराठीची शाळा भक्कमच असायला हवी. 'इमर्शन' हा शब्द आपण कुठेच वापरू नये, हे मी मान्य करते.

वेळेचं म्हणाल तर शनिवारी सकाळची शाळा असते. सुटल्यावर दोन्हीकडचे चौथी-पाचवीचे शिक्षक दीड तास बसतील, पंधरा दिवसांतून एकदा. दोन्ही पुस्तकांचं तेच पान उघडायचं, सारखे शब्द एका रंगात, वेगळे दुसऱ्या रंगात, फसवे तिसऱ्या रंगात. मग पुढच्या आठवड्यात एकमेकांच्या वर्गात अर्धा तास मागे बसायचं. पैसे लागतील ते प्रवासाला, जेवणाला, आणि अतिथी शिक्षकांना त्या वेळेचं मानधन द्यायला. त्यांनी फुकट बसावं असं मी म्हणणार नाही.

आणि सर, पहिली बैठक तुम्ही घ्या. मी झूमवरून टाचणाचा भाग सांगेन, पण दोन 'ए' आणि 'ते भाकरी' तुमच्याच तोंडून यायला हवेत.

प्रेषक : कोषाध्यक्ष

स्मार्ट बोर्डाचं कोटेशन बाजूला ठेवतो. ताई, प्रवास, जेवण आणि मानधनाचा आकडा शुक्रवारपर्यंत पाठवा. दोन्ही मुख्याध्यापकांची लेखी संमती लागेल, ती मराठी आणि कन्नड दोन्हीत असावी.

प्रेषक : निवृत्त मुख्याध्यापक (नंदगड)

संमतीचं मी बघतो. कन्नड शाळेचे मुख्याध्यापक माझ्या ओळखीचे आहेत, बुधवारी बाजाराच्या दिवशी गाठतो. चुकांच्या नोंदींच्या माझ्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत, पावसाने ओल लागली नसेल तर उद्या खाली काढतो. काही मुलांची नावं त्यात आहेत, ती खोडून मगच देईन.