आय ड्रॉप्स: सोडियम क्लोराइड ०.६६ ग्रॅम घातलं, ऑस्मोमीटर ३६५ का दाखवतोय?

बफर०७
१०० मिलीसाठी पायलोकार्पिन हायड्रोक्लोराइड (मुख्य औषध) १ ग्रॅम, बोरिक ॲसिड ०.५ ग्रॅम, बेन्झाल्कोनियम क्लोराइड ०.०१ टक्के. अश्रूंचा गोठणबिंदू पाण्यापेक्षा ०.५२ अंश खाली असतो; १ टक्का पायलोकार्पिन तो ०.१४ ने उतरवतं, १ टक्का सोडियम क्लोराइड ०.५७६ ने. त्यावरून सोडियम क्लोराइड काढलं: (०.५२ − ०.१४) ÷ ०.५७६ = ०.६६ ग्रॅम. ऑस्मोमीटरवर (विरघळलेल्या कणांचं प्रमाण मोजणारं यंत्र) ३६५ मिलीऑस्मोल प्रति किलो येतंय, हवं होतं २८५ च्या आसपास. यंत्र गंडलंय का? कारण ०.९ टक्के सलाइनही त्यावर २८६ येतं, बाटलीवर तर ३०८ छापलेलं असतं.

मोलल
यंत्र ठणठणीत आहे, बोरिक ॲसिड हिशेबातून सुटलंय. ते बफर म्हणून घातलं तरी गोठणबिंदू उतरवतंच: १ टक्क्याला ०.२९ अंश, म्हणजे तुमच्या ०.५ टक्क्याला ०.१४५.

(०.५२ − ०.१४ − ०.१४५) ÷ ०.५७६ = ०.४१ ग्रॅम

ई-व्हॅल्यूने (१ ग्रॅम पदार्थ किती ग्रॅम सोडियम क्लोराइडच्या बरोबरीचा तो आकडा) ताडून बघा. पायलोकार्पिनची ०.२४, बोरिक ॲसिडची ०.५, ०.९ − ०.२४ − ०.२५ = ०.४१. तुम्ही ०.६६ घातल्यामुळे द्रावण १.१५ टक्के सलाइनच्या बरोबरीचं झालं, आणि २८६ × १.१५ ÷ ०.९ = ३६५. बेन्झाल्कोनियम इतकं कमी आहे की सोडून द्या.

३०८ हा कागदावरचा आकडा, तोही प्रति लिटर: ९ ÷ ५८.४४ × २. प्रत्यक्षात आयन एकमेकांना ओढतात, ऑस्मोटिक गुणांक (प्रत्यक्ष परिणाम भागिले कागदावरचा) ०.९३ च्या आसपास राहतो. म्हणून २८६.

बफर०७
तयार बॅचमध्ये पाणी वाढवून २८५ वर आणता येईल?

मोलल
नको, औषध १ टक्क्याच्या बरंच खाली जाईल. नव्यानेच करा. सगळं साधारण ८० मिली पाण्यात पूर्ण विरघळवून मग १०० पर्यंत भरा. आधीच १०० मिली पाणी घेतलंत तर टक्केवारी चुकते.

दवबिंदू
यंत्र कुठल्या प्रकारचं आहे तेही बघून ठेवा. २५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब २३.७६ मिमी पारा, आणि आयसोटॉनिक (पेशीत पाणी आत-बाहेर न ढकलणाऱ्या) द्रावणात तो उतरतो जेमतेम ०.१२ मिमी. एवढासा फरक थेट मोजणं अवघड, म्हणून बाष्पदाबाचं ऑस्मोमीटर दवबिंदू (वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान) पकडतं. नमुन्यात अल्कोहोल असेल तर त्याचीही वाफ होते आणि आकडा फसवा येतो. असे नमुने गोठणबिंदूच्या यंत्रावरच लावा. उलट घट्ट, चिकट नमुने तिथे नीट गोठत नाहीत. त्यांना बाष्पदाबाचं यंत्र बरं. कुठलंही असो, आधी २९० चं स्टँडर्ड (ठरलेल्या मूल्याचं तपासणी द्रावण) लावा.

कण_गणती
०.५२ जुळलं म्हणजे आयसोटॉनिक झालंच, असं धरू नका. १.९ टक्के बोरिक ॲसिडही ०.५२ देतं आणि डोळ्याला चालतं, पण तांबड्या पेशींच्या पटलातून ते आत शिरतं आणि पेशी फुटतात. सिल्व्हर नायट्रेटच्या ड्रॉप्समध्ये तर सोडियम क्लोराइड घालूच नका, सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसेल. तिथे सोडियम नायट्रेट वापरा, ०.५७६ च्या जागी त्याचा आकडा घालून.