नवले पुलाचा उतार: ट्रक न्यूट्रलवर सोडणं बंद कसं होणार?

नऱ्हेकर:
रोज टू-व्हीलरवरून पुण्यातल्या हायवेवरच्या नवले पुलाखालून जातो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की पुलापर्यंत सलग उतार, आणि बरेच ट्रकवाले डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडून देतात. नोव्हेंबर 2022 ला एका अवजड गाडीने पुढच्या गाड्यांची रांगच्या रांग उडवली, नोव्हेंबर 2025 ला परत तेच, त्यात तर आग लागून माणसं गेली. दर वेळी बोर्ड लागतात, रंबलर (वेग कमी करायला रस्त्यावरच्या उंचवट्याच्या पट्ट्या) होतात, कॅमेरे बसतात आणि काही महिन्यांनी पहिले पाढे पंचावन्न. कायदा आहे, दंड आहे, मग अडतंय कुठे? या लाइनमधलं कोणी असेल तर नीट सांगा.

गॅरेजवाला_भोर:
भाऊ, आमच्याकडे हेच काम आहे म्हणून सांगतो. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे ओढून धरतं, ब्रेकवर भार कमी येतो. न्यूट्रल केलं की सगळं वजन ब्रेकवर, ड्रायव्हर पाय दाबूनच ठेवतो, ब्रेकचे लायनर (चाक घासून थांबवणारं अस्तर) तापून काळे पडतात आणि मग पेडल कितीही दाबा पकड येत नाही. वर इंजिन बंद केलं असेल तर स्टेअरिंगपण दगडासारखं जड होतं. लोक म्हणतात स्पीड गव्हर्नर लावा, पण तो इंजिनचं डिझेल कमी करतो, उतारावर घरंगळणाऱ्या गाडीला तो काय अडवणार! आमच्याकडे लायनर पार रिव्हेटपर्यंत घासलेल्या गाड्या येतात आणि फिटनेसचा कागद बघावा तर चालू असतो. म्हणजे पासिंगच्या दिवशी गाडी बरी होती, नंतर वर्षभर कोणी चाकाखाली वाकून बघितलं नाही.

सातारा_रोडलाइन्स_मुलगी:
माझे वडील खूप वर्षं ट्रक चालवायचे. दादा, नुसती ड्रायव्हरला शिवी घालून भागत नाही. बऱ्याच ठिकाणी ट्रिपचं डिझेल ठरवून देतात, वाचलं ते ड्रायव्हरचं, मग तो उतारावर वाचवणारच ना, पगारच तेवढा आहे. आणि माल जास्त भरला तर तो ड्रायव्हरने नाही भरलेला, मालकाने आणि माल पाठवणाऱ्या पार्टीने भरलाय. चलन फाडून गाडी पुढे सोडली की मालक ते खर्चात धरतो, ब्रेक मात्र तेच राहतात.

वकील_कोथरूड:
ताईंचा मुद्दा बरोबर आहे आणि कायद्यात त्याला जागा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 असा दंड आहे, पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही असंही तिथेच लिहिलंय. तेवढं एक पाळलं तरी फरक पडेल, कारण पार्टीची डिलिव्हरी अडकली की मालकाला कळतं. माझं स्पष्ट मत आहे की बोगद्याच्या अलीकडे, खेड शिवापूरच्या बाजूला जागा करून वजनकाटा लावा, आरटीओचा माणूस चोवीस तास बसवा आणि ब्रेक बघूनच जड गाडी उतारावर सोडा. पुलाजवळ पावती फाडून काय उपयोग, तिथपर्यंत गाडी हाताबाहेर गेलेली असते.

नऱ्हेकर:
मग रांग लागेल, हायवे जाम होईल असं म्हणतील त्याचं काय?

वकील_कोथरूड:
सगळ्या नका थांबवू, काट्यावर जास्त भरलेल्या आणि जुन्या बाजूला घ्या. बाकीच्यांसाठी एक्सप्रेसवेवर करतात तसं दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजायचा, म्हणजे कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे परत सुसाट हा प्रकार चालणार नाही.

गॅरेजवाला_भोर:
आणि बाजूला घेतली की ब्रेकचे ड्रम दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, लायनर बघा, ब्रेकची हवा लीक होतेय का ते ऐका. टॉर्च आणि एक जाणता माणूस लागतो, महागडं मशीन नंतर येऊ दे.

सातारा_रोडलाइन्स_मुलगी:
तिथे ड्रायव्हरला चहा-पाणी आणि संडासची सोय पण करा, म्हणजे तो आपणहून थांबेल. वडील खंबाटकी घाटाच्या आधी कायम थांबायचे ते अशाच एका ढाब्यामुळे.